कासवाचा बिल्ला कोणी वाचला?

जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पायाला धातूचा छोटा बिल्ला आढळला. त्यावरच्या क्रमांकावरून तिचा माग लागला. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तो बिल्ला लावला होता. श्रीलंकेला वळसा घालून ती कोकणात आली असेल, तर हे अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर भरते. देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवरील कासवांचा एकमेकांशी संबंध असतो, याचा हा ठोस पुरावा होता.

हा पुरावा हाती आला, कारण किनाऱ्यावर लक्ष ठेवणारी माणसे होती. विणीच्या हंगामात कोकणातले कासवमित्र वाळूवरील माग शोधतात, अंडी मोजतात, तेवढ्याच खोलीचा खड्डा करून ती सुरक्षित जागी हलवतात आणि ४५ ते ६० दिवसांनी किती पिल्ले बाहेर आली याची नोंद ठेवतात. पिल्लू नर होणार की मादी, हे घरट्यातल्या वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक निपजतात. त्यामुळे हवामानबदलाच्या काळात या नोंदींचे मोल मोठे आहे.

तरीही सागरविज्ञानातले करिअर म्हटले की डोळ्यांसमोर संशोधन जहाज, प्रयोगशाळा आणि पीएच.डी. येते. ते सारे हवेच. जनुकीय तपासणी किंवा संख्याशास्त्र केवळ अनुभवाने येत नाही. पण ज्यांच्या नोंदींवर पुढचे संशोधन उभे राहते, त्यांना हंगामापुरते मानधन आणि समारंभात शाल-श्रीफळ, एवढ्यावर भागवणे योग्य नाही. गावातला जाणकार तरुण पोटासाठी मुंबई गाठतो, तेव्हा त्या किनाऱ्याची अनेक वर्षांची ओळखही त्याच्याबरोबर जाते.

यावर उपाय अवघड नाहीत. क्षेत्र सहायकाचे पद बारमाही असावे. किनारी जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी मराठीतून छोटे प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करावेत. शोधनिबंधात नोंदी ठेवणाऱ्यांना नावानिशी श्रेय मिळावे. आणि निष्कर्ष आधी गावाला, गावाच्या भाषेत सांगितले जावेत.

लोकांपर्यंत पोहोचणे हे विज्ञानाचे फावल्या वेळचे काम नव्हे, हे मंडणगड तालुक्यातल्या वेळासने दाखवले आहे. तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना सोबत घेऊन संवर्धन सुरू केले. पुढे कासव महोत्सव भरू लागला, पर्यटक घराघरांत उतरू लागले आणि कासव जगण्यात गावाचाही फायदा दिसू लागला. राज्याला सागरी संशोधक घडवायचे असतील, तर निवड आणि प्रशिक्षणाची सुरुवात अशा गावांपासून व्हायला हवी.