४५ दिवसांचा कायदा आणि इचलकरंजीची उधारी

धंदा सुरू करायचा म्हटलं की सगळे भांडवल आणि मार्केटिंगवर बोलतात. वसुलीवर कोणीच बोलत नाही. म्हणून आज इचलकरंजी.

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचं पाठबळ होतं. पुढे गल्लोगल्ली माग आले आणि लोक गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणू लागले. पण हे मँचेस्टर चालतं उधारीवर! खर्चीवाला यंत्रमागधारक व्यापाऱ्याचं सूत घेतो, पिकावर मजुरी ठरवून कापड विणून देतो. कामगाराचा पगार थांबत नाही, विजेचं बिल थांबत नाही. त्याची स्वतःची मजुरी मात्र समोरच्याच्या सवडीने.

कायदा नव्हता असं नाही. २००६ पासून आहे. ४५ दिवसांत पैसे द्या, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण रोजच्या पार्टीवर व्याजाचा दावा कोण लावणार? पुढची ऑर्डरच जाते ना.

मग २०२३ च्या बजेटमध्ये सरकारने आयकरातून पाचर मारली, कलम ४३बी(एच). सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. लेखी करार असेल तर मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर फक्त १५. २०२४ चा मार्च जवळ आला तशी कापड व्यापाऱ्यांनी बोंब ठोकली: मुदतवाढ द्या, आमचं चक्र ९० दिवसांचं आहे. अहो, ते चक्र फिरवायला पैसा कोणाचा लागतो? विणणाऱ्याचा!

मी स्वतः दुकानदार आहे, तरी या कायद्याच्या बाजूने आहे. खोट मला दुसरीकडे दिसते. मध्यम उद्योग यात नाही, म्हणजे खरेदीदार लहानाला सोडून त्याच्याकडे जाऊ शकतो. आणि आम्हा व्यापाऱ्यांना ‘उद्यम’ नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या कर्जापुरती. थकलेल्या बिलासाठी उपयोग शून्य. संघटना ज्यांच्या मोठ्या, त्यांचा आवाज दिल्लीत पोचतो. खर्चीवाल्याचा आवाज इचलकरंजीच्या वेशीबाहेर जाताना दमतो.

तुम्ही उत्पादन किंवा सेवेत उतरणार असाल, तर माल देण्याआधी ‘उद्यम’ नोंदणी करा. नंबर बिलावर छापा, मुदत लेखी ठरवा. “आपलं घरचंच आहे हो” म्हणणाऱ्या पार्टीकडून तर आधी.