ऑटोफोकसचे सूक्ष्म समायोजन : कंपन्यांनी ‘दिले’ म्हणजे काय?

कॅमेऱ्याच्या इतिहासावरील धाग्यांत एक वाक्य हमखास आढळते : २००७-०८ च्या सुमारास कंपन्यांनी छायाचित्रकारांना ऑटोफोकस स्वतः जुळवून घेण्याची सोय दिली. यातील ‘दिली’ या क्रियापदास माझा आक्षेप आहे.

प्रथम यंत्र पाहू. डीएसएलआरमध्ये भिंगातून आलेला बहुतांश प्रकाश मुख्य आरसा वर व्ह्यूफाइंडरकडे पाठवतो. उरलेला त्याच्या अर्धपारदर्शक भागातून पलीकडे जातो आणि मागच्या लहान आरशावरून तळाच्या फोकस-सेन्सरवर पडतो. म्हणजे मोजमाप एकीकडे, चित्र दुसरीकडे! दोन्ही मार्गांची लांबी तंतोतंत सारखी आहे, या गृहीतकावर सारा डोलारा उभा. लहान आरसा केसभर कलला की ते कोसळते. त्यात प्रत्येक भिंगाचा स्वतःचा फरक. बॉडी आणि भिंग दोन्ही पुढे चुकली, की डोळ्यावर साधलेला फोकस नाकाच्या शेंड्यावर उतरतो. दोघांचे दोष परस्परविरुद्ध असतील तर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणूनच ‘खराब’ भिंग मित्राच्या कॅमेऱ्यावर निर्दोष ठरते.

हा दोष डिजिटल युगाचे अपत्य नव्हे. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० ने एसएलआरमध्ये ऑटोफोकस रुजवला, तेव्हाही मोजमाप आणि चित्र वेगवेगळ्या जागीच होते. मात्र फिल्म पूर्ण सपाट नसे आणि बहुतेक छायाचित्रे पोस्टकार्डाएवढीच छापली जात. पुढे पडद्यावर पापणीचा केस न् केस तपासता येऊ लागला आणि ग्राहकांची कुरबुर वाढली.

मग २००७ मध्ये कॅननच्या १डी मार्क ३ मध्ये, तसेच निकॉनच्या डी३ व डी३०० मध्ये समायोजन आले. २००८ मध्ये कॅनन ५०डीमध्येही. येथवर ‘दिली’ चालेल. पण २०१० च्या ६०डीमधून कॅननने ते काढून घेतले आणि २०१३ च्या ७०डीमध्ये परत केले. अधिक-उणे २० पायऱ्यांचा, मेनूत नोंदवायचा एक आकडा तो! आरशांची रचना मुळात तीच होती. माझ्या मते याचे कारण तांत्रिक नव्हे. महाग आणि स्वस्त मॉडेलांमधील अंतर राखण्याचे आहे.

यावर उत्तर ठरलेले : कारखान्यात थोडी घट-वाढ अटळ असते, शून्य फरकाचा कॅमेरा परवडणार नाही. मान्य. पण घट-वाढ अटळ असेल, तर ती स्वस्त बॉडीतही अटळच आहे. मग दुरुस्तीचा आकडा तिथेच का गाळावा? शिवाय झूम भिंगाच्या दोन टोकांचा दोष वेगळा असू शकतो; दोन स्वतंत्र आकडे कॅननने २०१२ च्या ५डी मार्क ३ मध्ये स्वीकारले.

मिररलेस कॅमेरा चित्राच्या सेन्सरवरच फोकस मोजतो, त्यामुळे दोन मार्गांचा हा प्रश्न तिथे उरत नाही. जुनी ६०डी विकत घेणाऱ्यांनी मात्र कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून एकच दृश्य व्ह्यूफाइंडरमधून आणि लाइव्ह व्ह्यूमधून टिपून ताडून पाहावे, आणि तेही पैसे मोजण्यापूर्वी.