बाटलीवर नाव कोणाचे?



अंकाच्या पहिल्याच पानावर दारूची गोष्ट पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. गावोगावच्या मायबहिणी दारूच्या नावाने बोटे मोडतात आणि त्यांचे ते रास्तच आहे. पण आम्हाला इथे पिण्याचे काही सांगायचे नाही. सांगायचे आहे ते शेताचे. फ्रान्समधला वाइनची द्राक्षे पिकवणारा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पावसाच्या भरवशावर जगत आला. नावाजलेल्या गावांच्या बागांना पाणी देण्यास तिथे २००६ सालापर्यंत जवळजवळ मनाईच होती. त्यानंतर सवलत मिळाली तीही कडक अटींवर. म्हणजे तोही आपल्यासारखाच कोरडवाहू. तरीही त्याच्यातल्या काहींच्या मालाला जगात सर्वांत चढा भाव मिळतो. हे कसे, ते समजून घेतले पाहिजे.

बरगंडी नावाचा मुलूख आहे. दिजाँ शहरापासून दक्षिणेकडे पन्नासएक किलोमीटर लांबीचा एक उतार पसरला आहे. तांबड्या वाइनसाठी तिथे एकच वाण, पिनो न्वार. वाण तोच, ऊन तेच, पाऊस तोच. पण उताराच्या माथ्यावर खडकावर टीचभर माती, मधल्या अंगाला चुनखडी आणि चिकणमातीचे मिश्रण, आणि पायथ्याला खोल, भारी, पाणी धरून ठेवणारी जमीन. आपल्याला निवड करायला सांगितली तर आपण डोळे मिटून पायथ्याची जमीन मागू. तिथे मात्र पायथ्याच्या द्राक्षांची वाइन सर्वांत स्वस्त, आणि मधल्या अंगाची सर्वांत महाग.

कारण कापूसवाल्याला सांगायला नको. भारी जमिनीत पाऊस जास्त झाला की पऱ्हाटी माजते, पाल्याला जोर येतो आणि बोंडे धरत नाहीत. द्राक्षाच्या वेलाचेही तसेच. खायला-प्यायला भरपूर मिळाले की तो पाला वाढवतो, घडही पुष्कळ देतो, पण रस पाणचट. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत मुळे खोल जातात, वाढ आवरती राहते, मणी बारीक राहतात आणि रस दाट होतो. वाइनला हवा असतो तो हाच रस.

या उतारावरच्या तुकड्यातुकड्याला नाव आहे. अशा १,२४७ तुकड्यांची नोंद २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाली. रोमाने-कोंती हा त्यातला एक तुकडा. क्षेत्र जेमतेम १.८ हेक्टर, म्हणजे साडेचार एकर. आपल्याकडे एवढ्या जमिनीचा धनी अल्पभूधारक म्हणून कर्जाच्या रांगेत उभा असतो. तिथे या तुकड्यातल्या वाइनची एक बाटली लाखो रुपयांना जाते. क्लो द व्हूजो हा दुसरा तुकडा, सुमारे ५० हेक्टरांचा. बाराव्या शतकात सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी तो लावला आणि पुढे भोवती भिंत घातली. क्रांतीनंतर सरकारने तो जप्त करून विकला. पुढे वारसांत वाटण्या होत होत आज त्याचे सुमारे ऐंशी धनी आहेत. कोणाच्या वाट्याला चार-दोन ओळी आल्या, पण तुकड्याचे नाव प्रत्येकाच्या बाटलीवर आहे. जमीन वाटली गेली, नाव वाटले गेले नाही.

बोर्दोची रीत वेगळी. तिथे मोठ्या इस्टेटी, त्यांना शातो म्हणतात. मेदोक भागात नदीने आणून टाकलेल्या गोट्यांची जमीन. पाणी झटकन निचरते, गोटे दिवसभर तापतात. उशिरा पिकणाऱ्या काबर्ने सोव्हिन्यों वाणाला ही ऊब मानवते. नदीपलीकडे पोमरोलच्या थंड चिकणमातीत तोच वाण नीट पिकत नाही, तिथे लवकर पिकणारा मेर्लो लावतात. मेदोकची जमीन आयती मिळालेली नाही हेही लक्षात ठेवा. तिच्यातला बराच भाग दलदलीचा होता. सतराव्या शतकात हॉलंडच्या इंजिनियरांनी चर खणून पाणी काढले, तेव्हा कुठे बागा वाढल्या.

१८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी या इस्टेटींची प्रतवारी लावली. जिच्या मालाला बाजारात जास्त भाव, ती वर. दीडशेहून अधिक वर्षांत या प्रतवारीत मोठा बदल झाला तो एकच, १९७३ साली मूतों रॉत्शिल्डला पहिल्या वर्गात बढती मिळाली. आणि ही प्रत इस्टेटीच्या नावाला आहे, जमिनीच्या तुकड्याला नाही. इस्टेटीने त्याच गावातले शेजारचे शेत विकत घेतले, तर त्या शेतातली द्राक्षेही मोठ्या नावाखाली जाऊ शकतात. विकणाऱ्याच्या हाती उरतो तो जमिनीचा भाव. मातीला मोल असते हे खरे, पण ते मोल कोणाच्या नावावर जमा होते हा प्रश्न त्याहून मोठा.

हा प्रश्न फ्रान्सच्या शेतकऱ्यांनी रस्त्यावर उतरून विचारला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किडीने मुळे खाऊन देशभरच्या बागा बसवल्या. अमेरिकन खुंटावर फ्रेंच वाणाचे कलम करून त्या पुन्हा उभ्या राहिल्या. पण मधल्या टंचाईत व्यापाऱ्यांना पाणी आणि साखर घालून वाइन वाढवण्याची चटक लागली होती. खरा माल बाजारात आला तेव्हा भाव कोसळले. दक्षिणेकडच्या लांगदॉक भागात आर्जेलिए गावचा मार्सलँ आल्बेर, एक साधा द्राक्षवाला आणि कॅफेवाला, मार्च १९०७ मध्ये ८७ माणसे घेऊन निघाला. ९ जूनला मोंपेलिए शहरात लाखोंची सभा झाली. पुढच्या पंधरवड्यात नारबोनला सैन्याने गोळीबार केला, माणसे मेली. १७ व्या पायदळ पलटणीतले जवान त्याच भागातले, शेतकऱ्यांचीच पोरे. त्यांनी बंड केले आणि ते जनतेच्या बाजूला गेले. २९ जून १९०७ ला भेसळीविरुद्धचा कायदा झाला.

चार वर्षांनी, १९११ साली, शँपेनमध्ये भडका उडाला. व्यापारी बाहेरून स्वस्त माल आणून शँपेनच्या नावाने विकत होते आणि गावचा माल पडून होता. एप्रिलमध्ये आय गावात व्यापाऱ्यांच्या इमारती जळाल्या. जाळपोळीचे समर्थन आम्ही करणार नाही. पण नावाची चोरी ही घामाचीच चोरी आहे हे त्या शेतकऱ्यांना नेमके कळले होते.

पुढचे काम शातोनफ-दु-पाप या गावाने केले. १९२३ च्या सुमारास बॅरन पिएर ल रुआ या वकील-बागाईतदाराला पुढे घालून तिथल्या शेतकऱ्यांनी आपले नियम आपणच लिहिले. गावाचे नाव कोणत्या जमिनीला लावायचे? जिथे थाइम आणि लव्हेंडरची रानटी झुडपे उगवतात त्या जमिनीला. म्हणजे बरड असणे हीच लायकी. वाण कोणते, छाटणी कशी, खराब घड बाजूला काढायचे, सारे ठरले. आज तिथे हेक्टरी ३,५०० लिटरच्या आसपास उत्पादनाची मर्यादा आहे. १९३५ साली देशभराचा कायदा झाला, त्यात या गावाची छाप आहे.

आता दुसरी बाजू. नाव म्हणजे कामधेनू नव्हे. बोर्दोचे नाव जगात गाजलेले, पण त्या नावाखाली मोठ्या शातोंबरोबर हजारो लहान शेतकरीही आहेत. त्यातले कितीतरी जण आपली वाइन ठोकात व्यापाऱ्याला देतात आणि व्यापारी सांगेल तो भाव घेतात. खप घटला, खर्च निघेना. २०२३ साली बोर्दोमध्येच सुमारे ९,५०० हेक्टर बागा उपटून टाकण्यासाठी हेक्टरी ६,००० युरोची योजना निघाली. ज्यांनी बाटली स्वतः भरली आणि गिऱ्हाईक स्वतः जोडले ते टिकले असे सरसकट म्हणता येत नाही, पण ज्यांनी माल ठोकात दिला ते सर्वांत आधी बुडाले. शिवाय नियमांचे ओझेही आहे. वाण बदलायचा तर परवानगी, पाणी द्यायचे तर परवानगी. नियम स्वतः लिहिलेले असले तर ते कुंपण असते, वरून लादलेले असले तर बेडी.

आपल्यालाही रान ओळखता येते. बरड, मुरमाड, चोपण, भारी काळी ही नावे आपल्या तोंडी आहेत आणि कोणत्या धुऱ्याकडचा कापूस कसा निघतो ते वेचणाऱ्या बाईला ठाऊक असते. पण जिनिंगच्या आवारात गाडी रिकामी झाली की सगळा कापूस एका ढिगात जातो आणि तिथे हे ज्ञान संपते. ज्वारीच्या बाबतीत थोडी वाट उघडली आहे. भौगोलिक नोंदणीचा कायदा १९९९ साली झाला, २००३ पासून लागू आहे, आणि २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला ती नोंदणी मिळाली. काळ्या खोल जमिनीतल्या ओलीवर येणारी ती ज्वारी. पण नोंदणी हा कागद आहे. त्या कागदाचा भाव खळ्यावर उतरला की नाही, हे खळ्यावरच तपासावे लागेल.

म्हणून या बैठकीला एक सूचना. आपल्या शिवारातला कोणता माल कोणत्या जमिनीमुळे वेगळा निघतो, हे प्रत्येक गावाने उभे राहून सांगावे. तो माल ढिगात न टाकता वेगळा ठेवायला किती जण तयार आहेत तेही मोजावे. आर्जेलिएहून निघाले तेव्हा ते ८७ होते.