घराण्याची परंपरा आणि कामगारांचे संसार

इटलीतील व्हिचेन्झा येथील कंपान्योलो हा शर्यतीच्या सायकलींचे सुटे भाग बनविणारा नामवंत कारखाना. तोट्याचे कारण पुढे करून त्याच्या व्यवस्थापनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सुमारे तीनशे कामगारांपैकी एकशेवीस जणांना कमी करण्याचा बेत जाहीर केला. जगभरचे सायकलशौकीन हळहळले. ही हळहळ कोणासाठी होती, हे मात्र तपासून पाहण्याजोगे आहे. एका थोर घराण्याची परंपरा लयाला जाते आहे, याचेच दुःख अधिक. एकशेवीस संसारांचा उल्लेख त्यात आला तो ओझरता.

घराण्याचे कर्तृत्व आम्ही नाकारीत नाही. तुल्लिओ कंपान्योलो स्वतः शर्यतीत उतरणारा. त्या काळी घाटात गिअर बदलायचा म्हणजे स्वाराने खाली उतरावे, नट ढिले करावेत आणि मागचे चाक उलटे करून बसवावे. एका हिमवादळात त्याच्या गारठलेल्या बोटांना नट फिरविता येईनात, आणि त्यातूनच एका झटक्यात चाक मोकळे करणारी कळ सुचली, अशी कथा सांगतात. १९३३ साली कंपनी निघाली. पुढे एडी मर्क्ससारखे अजिंक्य स्वार याच भागांवर धावले. परंतु या कथेत माणूस एकच का असतो? ते भाग ज्यांनी ओतले, कातले, घासले, त्या हजारो हातांना कथेत जागा नाही. कपातीच्या यादीत मात्र ती हमखास मिळते.

तुल्लिओ १९८३ साली वारला आणि सूत्रे पुत्र व्हालेन्तिनो यांच्याकडे गेली. पुढच्याच वर्षी जपानच्या शिमानोने खटक्यासरशी नेमका गिअर पडेल अशी योजना बाजारात आणली. कंपान्योलोने घाईने दिलेले उत्तर फसले. नंतर बरी यंत्रे निघाली, नाही असे नाही. पण शिमानो साध्या सायकलीपासून शर्यतीच्या सायकलीपर्यंत सर्वांना माल पुरवीत राहिली, आणि कंपान्योलो दागिन्यासारख्या महाग मालाकडे सरकत गेली. २०२३ साली तिने काढलेल्या बिनतारी गिअर-संचाची किंमत पाच हजार युरोंहून अधिक होती! २०२४ च्या हंगामात पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीतील एकही संघ तिचे भाग वापरीत नव्हता. महामारीच्या काळात सायकलींना अचानक मागणी आली. ती ओसरताच साऱ्या व्यवसायाची गोदामे तुंबली.

घराणेशाहीने कारखाना बुडतो, इतके सोपे निदान आम्ही करणार नाही. १९२१ साली साकाई येथे निघालेली शिमानोही घराण्याच्या नावाचीच आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. माल कोणासाठी करावा, किती करावा, कोणत्या किमतीस विकावा, हे निर्णय झाले तेव्हा यंत्रावरच्या कामगाराला कोणी विचारले होते? निर्णय बरोबर ठरला की घराण्याचा द्रष्टेपणा आणि चुकला की बाजाराची अपरिहार्यता, हा हिशेब आमच्या गिरणगावालाही परका नाही.

कोणी म्हणेल, कामगारांनीही चूकच केली असती. कदाचित केली असती. मग निदान स्वतःच्या निर्णयाची किंमत त्यांनी मोजली असती. आणखी एक सांगावयास हवे. कंपनीचा एक कारखाना रुमानियातही आहे. तेथील कामगाराला व्हिचेन्झाच्या कामगाराचा वैरी ठरविण्याच्या सापळ्यात कोणत्याही संघटनेने सापडू नये.

इटलीच्या राज्यघटनेचे ४६ वे कलम कारखान्याच्या व्यवस्थापनात सहभागी होण्याचा कामगारांचा हक्क मान्य करते. १९८५ च्या मार्कोरा कायद्याने बुडत्या कारखान्यातील कामगारांना सहकारी संस्था काढून तो चालविण्यासाठी सरकारी भांडवलाचा आधार दिला आणि त्या आधारावर तेथे अनेक कारखाने उभेही राहिले. तेव्हा मागणी दयेची असता कामा नये. एकाही कामगाराला घरी पाठविण्यापूर्वी हिशेबाच्या वह्या कामगारांपुढे उघडा, आणि मालकाला कारखाना पेलवत नसेल तर तो चालविण्याचा पहिला हक्क तेथे राबणाऱ्यांना द्या.