पकड कोणाची?

दिवाळीच्या अंकात लिहिणाऱ्याने फराळावर लिहावे, असा एक अलिखित नियम आहे. आम्हीही तो आजवर पाळीत आलो. यंदा मात्र आमच्या घरी फराळाच्या ताटाने भलतेच काम केले. त्यात चकली होती, करंज्या होत्या, एक बेसनाचा लाडूही होता. पण वसुबारसेच्या संध्याकाळी ती खाण्यासाठी मांडलेली नव्हती. ती कबड्डी खेळत होती!

त्याचे असे झाले. आमच्या सौभाग्यवतींचे मामा अकोल्यास राहतात. सारा जन्म व्यायामशिक्षक म्हणून पोरांना मैदानावर पळवण्यात गेला. यंदा त्यांना दिवाळीसाठी अमरावतीस घेऊन यावे म्हणून दसऱ्यानंतर मी अकोल्यास गेलो. बडनेऱ्याला गाडी धरली, मूर्तिजापूर मागे टाकले आणि दुपारी मामांच्या दारात उभा राहिलो. तो मामा टोपी घालून बाहेर निघालेले! म्हणाले, "जावईबापू, पान्याचा घोट घ्या अन् चला. कबड्डीचे सामने हायेत. तुमच्या अमरावतीचे पोट्टे आले हायेत."

त्या पोट्ट्यांत आमच्या शेजारच्या वहिनींचे चिरंजीव होते. बारावी झालेला, काळासावळा, बोलायला अगदी कमी. मैदानात तो कुठे उभा राहतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते. तो डावा मध्यरक्षक होता. त्याच्या पलीकडे, पार कडेला, डावा कोपरारक्षक. सामना असा रंगला की मी खुर्ची सोडून उभाच राहिलो. त्या कोपऱ्यातल्या पोराने चढाईपटूंचे घोटे धरून धरून सात पकडी केल्या. प्रत्येक पकडीला टाळ्या, शिट्ट्या. अमरावतीकर जिंकले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्या कोपरारक्षकाचे छायाचित्र आले. आमच्या शेजाऱ्याचे नाव खाली खेळाडूंच्या यादीत होते, तेही शेवटून दुसरे.

पुढे आठ-दहा दिवसांनी वरच्या संघासाठी निवड झाली. कोपरारक्षकाचे नाव आले. आमच्या चिरंजिवांचे आले नाही. विचारायला गेले तेव्हा कोणीसे गुणपत्रक पुढे केले. साऱ्या स्पर्धेत त्याच्या नावावर पकडी होत्या तीन.

वसुबारसेला वहिनी त्याला घेऊन आमच्याकडे आल्या. डोळे भरलेले. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. वरच्या पातळीवर खेळल्याचे प्रमाणपत्र हाती आले तर पोराचे काही बस्तान बसेल, ही त्या माउलीची आशा. पोरगा खाली मान घालून म्हणाला, "काका, मी बचाव सोडतो. चढाई शिकतो, नाहीतर सोडूनच देतो. मागं उभं राहून कोणाले दिसते?"

मामा इतका वेळ चहा पीत होते. बशी खाली ठेवून त्यांनी सौभाग्यवतींकडून फराळाचे ताट मागवले आणि ते मधोमध ठेवले.

"हे पाहा," म्हणाले, "हे मैदान. पुरुषांच्या खेळात मधल्या रेघेपासून मागच्या रेघेपर्यंत साडेसहा मीटर. अन् हा लाडू म्हणजे चढाईवाला."

मग त्यांनी दोन कडांना दोन चकल्या ठेवल्या; त्या कोपरारक्षक. मध्ये पाच करंज्या. दोन, तीन, दोन अशी कबड्डीतली नेहमीची मांडणी झाली. लाडू पुढे सरकू लागला.

वाचकहो, त्या संध्याकाळी मला जे समजले ते आधी कधीच समजले नव्हते. तुमच्यापैकीही पुष्कळांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. चढाईपटूला परत मधल्या रेषेला शिवायचे असते. कोपरारक्षक त्याच्या मागून झेपावतो आणि घोटा धरतो. पण एक पाय धरला म्हणजे माणूस धरला असे नव्हे. गडी अंग लांब टाकून पडला तर दोन-अडीच मीटर सहज गाठतो. नुसते बोट रेषेला लागले की पकडणाराच बाद! म्हणून घोटा धरल्याच्या त्याच क्षणी कोणीतरी चढाईपटू आणि मधली रेषा यांच्यामध्ये भिंतीसारखे उभे राहावे लागते. ते काम मध्यरक्षकाचे. दुसरे काम त्याहून अवघड आणि त्याहून अदृश्य. मध्यरक्षक अर्धे पाऊल पुढे येऊन चढाईपटूला मधून जाऊ देत नाही. बिचारा कडेला सरकतो, नेमका चकलीच्या तावडीत! अर्धे पाऊल फार पुढे टाकले तर चढाईपटूच त्याला टिपतो. फार मागे राहिले तर वाट मोकळी मिळते. आणि गुणपत्रकावर पकडीचा गुण लिहिला जातो तो एकाच नावावर.

मामा म्हणाले, "तुमी सारे चकलीकडे पाहून राह्यले होते. म्या तं या पोट्ट्याच्या पायाइकडे पाहून राह्यलो होतो. सातांतल्या पाच पकडींत लाडू चकलीजवळ गेला काहून? यानं ढकलला म्हणून! अन् यानं तं कईकदा हातबी लावला नाई."

पुढच्या सामन्यात चिरंजिवांचे बोट मुरगळले होते, म्हणून ते बाहेर बसले होते. मामांची वही निघाली. त्या सामन्यात त्याच कोपरारक्षकाच्या पकडी दोन, आणि स्वतः बाद झाला पाच वेळा. गडी तोच, हात तेच. मामा प्रामाणिक माणूस. त्यांनी हेही सांगितले की समोरचा चढाईपटू त्या दिवशी जास्त तयारीचा होता आणि एका सामन्यावरून सिद्धांत बांधू नये. पण विचार करण्याजोगी गोष्ट खरीच.

हा प्रकार आमच्या गल्लीपुरता नाही. प्रो कबड्डीत २०१५ साली यू मुंबा संघ अजिंक्य ठरला. त्यांच्या एका कोपऱ्यात सुरेंदर नाडा, दुसऱ्या कोपऱ्यात मोहित छिल्लर; मध्ये जीवाकुमार आणि आपला विशाल माने. नाडा-मोहित ही जोडी पुढे २०१६ मध्ये बंगळुरूकडे एकत्र गेली आणि २०१७ मध्ये हरियाणाकडेही एकत्रच. पैसे मोजणाऱ्या शहाण्या माणसांनाही एक चकली सुटी विकत घेण्यापेक्षा जोडी घेणे बरे वाटले असावे. याचा अर्थ कोपरारक्षक ऐऱ्यागैऱ्याने व्हावे असा नव्हे. २०२४ च्या मार्चमध्ये पुणेरी पलटणने अजिंक्यपद मिळवले, तेव्हा इराणच्या मोहम्मदरेझा शादलूने जो पराक्रम केला तो करायला छातीच लागते. पण त्याला बेधडक झेपावता आले, कारण चुकले तर सावरणारे सहा जण होते.

संघाची चालही माणसाचे आकडे ठरवते. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. काही संघ मुद्दाम दोन चढाया नुसते मागे सरकून काढतात आणि तिसरीला झडप घालतात. अशा संघातला बचावपटू कमी वेळा झेपावतो, पण नेम बहुधा लागतो. दुसरा संघ पहिल्याच चढाईपासून अंगावर जातो. तिथला बचावपटू जास्त पकडी करतो आणि जास्त चुकतोही. एकाला लोक थंड म्हणतात, दुसऱ्याला उतावळा. प्रत्यक्षात दोघेही सांगितले तेच करीत असतात!

आमचा भाचा अमेरिकेत असतो. त्या रात्री दूरध्वनीवर त्याला ही हकीकत सांगितली, तर तो हसू लागला. म्हणाला, "मामा, इकडच्या फुटबॉलमध्ये हेच भांडण आहे." तिकडच्या फुटबॉलमध्ये बचावाच्या पहिल्या फळीमागे जो उभा असतो त्याला लाइनबॅकर म्हणतात. पुढे तीन धिप्पाड गडी उभे करायचे की चार, यावर मागच्याचे काम बदलते. २००० सालच्या हंगामात बाल्टिमोरचा रे लुइस असा काही खेळला की अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. पण त्याच्या पुढे सॅम अ‍ॅडम्स आणि टोनी सिरागुसा नावाचे दोन पहाड उभे होते. विरुद्ध बाजूचे अडवणारे गडी ते स्वतःच्या अंगावर घेत, म्हणून लुइसला धावायला मोकळे रान मिळे. लुइस मोठा होताच, यात शंका नाही. पण पहाडांवाचून तो तेवढाच दिसला असता का, यावर तिकडे अजून वाद चालतो म्हणे.

आणि सांघिक बचावाची किंमत काय असते, हे आपल्या देशाने २०१८ साली जकार्तात मोजली आहे. आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डी आली ती १९९० साली, बीजिंगला. तेव्हापासून पुरुषांचे सुवर्णपदक दर वेळी आपलेच. जकार्तात उपान्त्य सामन्यात इराणने आपल्याला २७-१८ असे हरवले. आपले नावाजलेले चढाईपटू त्यांच्या साखळीत अडकून पडले. महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणनेच आपल्याला हरवले. आणि त्या इराणी मुलींना शिकवणाऱ्या प्रशिक्षक कोण, तर आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! विद्या इथली, पदक तिकडे.

अमरावतीकरांनी तर हे विसरता कामा नये. वैद्य बंधूंनी १९१४ साली इथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. १९३६ साली मंडळाचे पथक बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवायला गेले, त्यात आपला हुतुतूही होता. त्या पथकातल्या सगळ्यांची नावे आज कितीजणांना सांगता येतील? आपण म्हणतो, 'मंडळ गेले होते.' नाव मंडळाचे राहिले, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला असेल असे मला वाटत नाही.

पण हे बोलणे आम्हा पोटभरल्या माणसांना सोपे. ज्याचे प्रमाणपत्र हुकले, त्याने काय करावे? मी मामांना तसे विचारलेच. मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "निवड काई आपल्या हातात नाई, जावईबापू. पन वही आपल्या हातात हाय." त्यांनी आपल्या वहीतली पाने फाडून चिरंजिवांच्या हाती दिली. त्यात सात पकडींचे सात छोटे नकाशे होते: लाडू कुठून आला, कोणी कुठे रेटला, कोणी वाट बंद केली. "हे तुह्या मास्तरले दाखव. भांडू नको. येत्या साली निवड करनाऱ्यांसमोर त्याच्या तोंडून जाऊ दे. अन् चढाई शिकाची तं शीक. पन रागानं शिकू नको."

पोरगा पाने घेऊन गेला. पुढे काय होईल ते पुढच्या वर्षीच कळेल. गोड शेवट जुळवून सांगण्याची माझी इच्छा नाही. एवढे मात्र डोळ्यांनी पाहिले. पाडव्याच्या सकाळी तो निवडला गेलेला कोपरारक्षक वहिनींकडे फराळाला आला होता. अंगणात दोघे बोलत होते. तो म्हणत होता, "तिकडं माह्या बाजूले कोन राहीन, मले मालूम नाई यार. तू असला की मी न पाहता उडी मारतो. आता पाहून माराव लागन." आमचे चिरंजीव काही बोलले नाहीत. पण थोड्या वेळाने दोघेही मैदानाच्या वाटेला लागलेले दिसले.

भाऊबीजेला आमच्याकडे पाहुणे होते. दरवर्षीप्रमाणे चकलीचे कौतुक सुरू झाले. "वहिनी, तुमच्या हाताला काय चव आहे!" वगैरे. सौभाग्यवती दरवर्षी नुसत्या हसतात. यंदा त्यांनी ताट खाली ठेवले आणि म्हणाल्या, "तळल्या मी. पण भाजणी गेली बारा वर्षं शेजारच्या वहिनी करून देतात. त्यांनाच विचारा."

बारा वर्षे! ही गोष्ट मलाही त्याच दिवशी कळली. मी मुकाट्याने आणखी एक चकली उचलली आणि मामांकडे पाहिले. मामा खिडकीबाहेर पाहत होते, पण मिशीत हसत होते.