‘आम्हाला गळा नाही’

दिवाळी अंकात भांडणाचा विषय काढू नये, असा एक संकेत आहे. चार दिवस गोडाचे. तेव्हा वाचकाच्या ताटात कारले कशाला वाढा? पण ज्या गोष्टीबद्दल मी भांडणार आहे ती घरातलीच आहे, आणि सगळे घर एका ठिकाणी बसलेले असे या चार दिवसांखेरीज हल्ली सापडते कुठे? म्हणून हा मुहूर्त धरला. माझी तक्रार अशी : आपल्या घरांतून आईबाप आणि मुले मिळून गाईनाशी झाली आहेत, आणि याचा दोष काळावर किंवा यंत्रावर टाकून आपण मोकळे होत आहोत. दोष आपला आहे.

मी व्यवसायाने शाळामास्तर. कादंबऱ्या लिहितो, पण पोट भरते ते खडूवर. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचे, आणि संगीताच्या शास्त्राशी माझी ओळख लांबून नमस्कार करण्याइतकीच. परंतु दरवर्षी नवी मुले माझ्यासमोर येऊन बसतात, आणि पहिल्याच आठवड्यात कोणाच्या घरी गातात आणि कोणाच्या घरी नाही, हे मला न विचारता कळते. कविता चालीवर म्हणा, असे सांगितले की काही मुले तोंड उघडतात आणि काही नुसते ओठ हलवतात. ओठ हलवणाऱ्या एका मुलाला मी जवळ बोलावून विचारले, तर तो म्हणाला, “सर, मला गळा नाही. आमच्या घरात कोणालाच नाही.” दहा वर्षांचे पोर! हे वाक्य त्याचे असणे शक्य नाही. ते बापाचे असणार. पोराला ते वारसाहक्काने मिळाले. मुलाच्या नावे जमीनजुमला करता आला नाही तर न का येईना, पण निदान असली इस्टेट तरी त्याच्या नावे करू नये!

गळा नाही म्हणजे काय? स्वरांतला भेदच ज्यांना उमगत नाही अशी माणसे जगात आहेत, पण ती शेकड्यात फारच थोडी. बाकीच्यांना गळा आहे. मोडली आहे ती सवय. आणि गळा नाही म्हणणाऱ्या गृहस्थांना माझा साधा प्रश्न आहे : गणपतीत आरतीच्या वेळी तो कोठून येतो? तेथे कोणी पट्टी धरून देत नाही, पेटी नसते, टाळ आपल्या तंद्रीत आणि टाळ्या आपल्या तंद्रीत; तरीही सारे घर खणखणीत म्हणते आणि देव उठून जात नाही. शिवाय, मुलाच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना जो आवाज तिसऱ्या बिऱ्हाडापर्यंत पोचतो, तो कोणाच्या गळ्यातून निघतो?

येथे दुसरा पक्ष उभा राहतो. ते म्हणतात, “अहो, लता मंगेशकरांचा आवाज खिशातल्या फोनमध्ये असताना आमचा भसाडा आवाज पोरांना कशाला ऐकवायचा?” मुद्दा वरवर बिनतोड आहे. लताबाईंचे गाणे मुलांनी जरूर ऐकावे; ते भाग्य आहे. पण तुमच्या मुलीला मध्येच खोकला आला तर लताबाई थांबणार नाहीत. तिचा शब्द अडला तर सांगणार नाहीत, आणि कडव्यात तिचे नाव घालून तिला हसवणार नाहीत. १९८० साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर या दोघा संशोधकांनी जन्मून तीन दिवसही न झालेल्या मुलांवर एक प्रयोग केला. मुलांच्या तोंडात चोखणी दिली होती, आणि चोखण्याच्या लयीवर आईचा आवाज ऐकू येणार की परक्या बाईचा, हे ठरत होते. त्या मुलांनी आपली लय बदलून आईचा आवाज मागून घेतला. आणि ती आई गातदेखील नव्हती. मुलांचे एक पुस्तक वाचत होती! तीन दिवसांच्या जिवाला जे कळते, ते चाळीस वर्षांच्या बापाला कळू नये काय?

यंत्राने गाणे मारले, हेही मला पटत नाही. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, गीतरामायण सुरू झाले. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांचे संगीत असलेली ५६ गाणी वर्षभर येत राहिली. त्या काळी घरोघर रेडिओ नव्हते. ज्याच्याकडे असे त्याच्या ओसरीवर आळी जमे, हे आमच्या वडीलधाऱ्यांकडून आम्ही अनेकदा ऐकले आहे. त्यांच्या सांगण्यातला महत्त्वाचा भाग पुढचा आहे. रेडिओ बंद झाला की माणसे गाणे घरी नेत. आठवेल तितके मुलांना घेऊन म्हणत, न आठवेल तेथे गुणगुणत. यंत्र तेव्हाही होते. फरक एवढाच की यंत्र थांबल्यावर माणूस सुरू होई. आता एक गाणे संपते न संपते तोच दुसरे आपोआप लागते, आणि माणसाची पाळी येतच नाही. पण ते बंद करण्याचे बटण कोणाच्या हाती आहे?

“वेळ कुठे आहे?” हा तिसरा आक्षेप, आणि तो सर्वांत लाडका. मी विचारतो, आपल्या आज्यापणज्यांना वेळ होता काय? पहाटेच्या अंधारात जात्यावर बसणारी बाई काही रिकामपणाची करमणूक करीत नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांच्याही आधी सानेगुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांचा मोठा साठा करून ठेवला. या ओव्या रचणाऱ्यांपैकी बहुतेकींना लिहिता येत नव्हते, आणि गाणे त्या कोणाकडे शिकल्या नव्हत्या. मांडीवर पोर, हातात खुंटा, दळण सरत नाही, आणि तोंडाने त्याच पोराचे कौतुक चालू! जाते परत आणा, असे मी म्हणत नाही. तो कष्ट होता, गिरणी आली हे फार बरे झाले. पण दळण गिरणीत पाठवताना ओवीही डब्यात घालून पाठवली, ही चूक झाली. घरचे गाणे फुरसतीत कधीच नव्हते; ते कामाच्या पाठीवर बसून येत असे. कामे आजही आहेत. भांडी आहेत, मुलाला शाळेत सोडायची स्कूटर आहे, गेलेली वीज आहे.

आमच्या गल्लीत एक इस्त्रीवाले आहेत. संध्याकाळी त्यांची मुलगी गिऱ्हाइकांचे कपडे मोजून गठ्ठे बांधते, आणि दोघांचे अभंग चालू असतात. गृहस्थांचा आवाज इस्त्रीतल्या निखाऱ्यासारखा, वर राख आणि आत धग. परवा मुलगी म्हणाली, “अप्पा, कडवं चुकलात तुम्ही.” त्यावर ते म्हणाले, “मग तू घे की पुढं!” आणि तिने घेतले. मला सांगा, आपल्या घरात मूल बापाला इतक्या सहज चुकलात म्हणू शकते, अशी दुसरी जागा कोणती? एरवी आपण मुलांशी बोलतो म्हणजे काय करतो? अभ्यास झाला का, दूध प्यालास का, किती मार्क पडले! सगळी उलटतपासणी. मिळून गाताना कोणी कोणाला प्रश्न विचारत नाही. एका श्वासात दोघे थांबतात, एका समेवर दोघे येतात. तेवढ्यापुरते कोणी मोठे नसते, कोणी लहान नसते.

उरला चौथा पक्ष : “आम्ही मुलीला गाण्याच्या क्लासला घातले आहे.” उत्तम केले. कुलीन घरच्या मुलीने गाणे हेच जेथे गैर मानले जाई, त्या समाजात विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाण्याला प्रतिष्ठेचा उंबरठा ओलांडून घरात आणले. त्या उपकाराची मला जाणीव आहे. परंतु घरात आलेले ते गाणे आपण पुन्हा फी भरून घराबाहेर ठेवले! मुलगी आत अलंकार घोटते, बाप बाहेर बाकावर फोन चाळतो. घरी आल्यावर विचारतो, प्रवेशिकेची परीक्षा कधी? आणि दूरचित्रवाणीवर सात-आठ वर्षांची पोरे विरहाची गाणी म्हणून दाखवतात, परीक्षक डोळे टिपतात, गुण पडतात. ते पाहून उरलेली लाखो मुले एकच धडा घेतात : असे येत असेल तरच गावे, नाहीतर गप्प बसावे. उत्तम जेवण हॉटेलात मिळते म्हणून घरची चूल विझवायची नसते, हे स्वयंपाकाच्या बाबतीत ज्याला समजते, त्याला गाण्याच्या बाबतीत का समजू नये?

आणि ही गोष्ट लांबणीवर टाकण्यासारखी नाही. आठ वर्षांचे मूल बापाबरोबर आनंदाने गाते. चौदाव्या वर्षी त्याला लाज वाटू लागते. मधली पाच-सहा वर्षे गेली की मग हाक मारूनही ते येत नाही, खोलीचे दार लावून कानांत नळ्या घालते. ज्या घरात तोवर चार गाणी सामाईक झालेली असतात, तेथे ते दार निदान ढकलून उघडता येते. कडी आतून लागत नाही. आईची अंगाई तरी अजून कोठे कोठे ऐकू येते. बापांनी मात्र बारशाच्या पेढ्यांबरोबर हे खातेच आईकडे सोपवून टाकले आहे.

यंदा करंज्या भरताना, कंदिलाला कागद चिकटवताना, मुलांना जवळ घ्या आणि जे येत असेल ते म्हणा. अर्धे येत असेल तर अर्धे म्हणा; उरलेले मुलांना घेऊ द्या. कोणी बेसूर म्हणाले तर खुशाल म्हणू द्या. पण घरात गाणे चालू असताना त्याचे चित्रण करण्यासाठी कोणी फोन काढला, तर तो काढून घेऊन फराळाच्या डब्यामागे ठेवा.