नववीची भूक

मधल्या सुट्टीची घंटा झाली की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात खिचडीची रांग लागते. पाचवी ते आठवीची मुले ताट घेऊन उभी राहतात. मागच्या जुलैत या रांगेत एक उंच मुलगा दिसला. तो नववीतला होता. एप्रिलपर्यंत तो याच रांगेत हक्काने उभा राहत असे. आम्ही त्याला बाजूला घेऊन सांगितले, "बेटा, तू आता नववीत गेलास. तुझं नाव यात नाही." तो काही बोलला नाही. ताट दप्तरात घातले आणि वर्गाकडे गेला. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही.

नियमाने पाहिले तर आमचे काही चुकले नव्हते. शाळेतल्या आहाराची केंद्राची योजना १९९५ साली प्राथमिक वर्गांसाठी सुरू झाली. कोरडे धान्य न देता शिजवलेले जेवण द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला. पुढे योजना आठवीपर्यंत आली आणि २०२१ मध्ये तिचे नाव 'पीएम पोषण' झाले. सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला दीडशे ग्रॅम धान्य, सातशे कॅलरी आणि वीस ग्रॅम प्रथिने मिळावीत असे त्यात ठरलेले आहे. नववीच्या मुलासाठी त्यात काहीच नाही. तामिळनाडू आणि कर्नाटक ही राज्ये दहावीपर्यंत जेवण देतात. आमच्याकडे इमारत तीच, चूल तीच, खिचडीचा वासही तोच. पण आठवीच्या वर्गाला ताट आणि शेजारच्या नववीला फक्त वास. आणि उंची झपाट्याने वाढते ती नेमकी याच वयात.

चार दिवसांनी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. अब्बा हातगाडीवर फळे विकतात, अम्मी शिलाईचे काम करते. अम्मीने चहा ठेवला आणि हळूच म्हणाली, "सर, सकाळी चहा-पाव होतो. रात्री भात-डाळ असते. दुपारचं शाळेत भागायचं. आता डब्यात काय देऊ?" मुलगा गॅरेजवर गेला होता. तिथे दुपारी जेवण मिळत होते. अभ्यास नको म्हणून त्याने शाळा सोडली नव्हती. जिथे दुपारचे जेवण होते, तिथे तो गेला होता.

परत येताना आम्हाला इतर मुले आठवू लागली. चौथ्या तासाला बाकावर डोके टेकणारी. मधल्या सुट्टीत नळावर जाऊन पोटभर पाणी पिणारी. "डबा विसरलो सर," असे रोज सांगणारी. आम्ही त्यांना आळशी म्हणत होतो, विसराळू म्हणत होतो. सूरह बकरामध्ये अशा गरजूंचा उल्लेख आहे, जे हात पसरत नाहीत म्हणून अजाण माणसाला ते सुखवस्तू वाटतात. आपल्या वर्गातला अजाण माणूस आपणच होतो, हे त्या दिवशी कळले.

पुढच्या सोमवारी चार शिक्षक बसलो. निवृत्त मुख्याध्यापक आले, दोन माजी विद्यार्थी आले. प्रयोगशाळेतले रिकामे लोखंडी कपाट साफ केले. फुटाणे, शेंगदाणे, गूळ आणला. मग मास्तर मंडळी करतात तेच केले: यादी केली. वर्गशिक्षकांनी गरजू मुलांची नावे लिहून दिली आणि सुट्टीत या नावांनी कपाटापाशी यावे असे वर्गात सांगितले.

एकही मूल आले नाही. आठवडाभर कपाट भरलेलेच राहिले. एका मुलीने तर वहीत लिहून दिले की माझे नाव काढा, आमच्या घरी सगळे आहे. तिच्या घरी काय आहे ते आम्हाला ठाऊक होते. चौदा-पंधराव्या वर्षी मूल भूक सहन करते, पण आपण भुकेले आहोत हे मैत्रिणीला कळलेले सहन करत नाही. सात वर्षांचे मूल ताट पुढे करते. चौदा वर्षांचे ताट लपवते.

यादी फाडून टाकली. कपाट वाचनालयाच्या खोलीत नेले, कारण तिथे सगळेच जातात. कुलूप काढले. नाव विचारायचे नाही, नोंद ठेवायची नाही, ज्याला हवे त्याने घ्यावे, असे ठरले. पहिल्या दिवशी सगळ्या वर्गांदेखत आम्ही शिक्षकांनीच मूठभर फुटाणे घेऊन खाल्ले. मग खात्यापित्या घरची मुलेही घेऊ लागली. आम्हाला तेच हवे होते. सगळेच घेतात तेव्हा गरजू कोण हे कुणी शोधत बसत नाही. पाकिटे भरणे, डबे पुसणे, काय संपले ते फळ्यावर लिहिणे ही कामे दहावीची मुलेमुली पाळीपाळीने करतात.

कपाटात शिजवलेले काही ठेवत नाही. पन्नास ग्रॅम शेंगदाणे आणि गुळाचा एक मोठा खडा, एवढ्यात पावणेचारशेच्या आसपास कॅलरी आणि बारा ग्रॅम प्रथिने मिळतात. आठवीला ठरवून दिलेल्या कॅलरींपैकी निम्म्या यात आल्या. शिवाय फुटाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू आणि स्वस्त असतील तेव्हा केळी. पावसाळ्यात शेंगदाणे लवकर खवट होतात, म्हणून थोडेच आणतो आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. बुरशीचा वास आला की टाकून देतो, वाया गेले तरी चालेल.

मुलींबाबत एक गोष्ट उशिरा लक्षात आली. शाळेत दर आठवड्याला लोहाची गोळी देतात. कित्येक मुली ती गुपचूप खिडकीबाहेर टाकत, कारण मळमळते. ही गोळी खाल्ल्यानंतर घ्यायची असते. आमच्या मुली ती उपाशीपोटी घेत होत्या. देशात पंधरा ते एकोणीस वयाच्या शंभरातल्या जवळपास एकोणसाठ मुलींना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. आता गोळीच्या दिवशी आधी फुटाणे, मग गोळी आणि वर पेरूची फोड किंवा लिंबाचे सरबत. चहा मात्र त्या वेळी नाही, त्याने लोह अंगी लागत नाही.

पैशाचे विचाराल, तर जकात आम्ही यात घेत नाही. जकात कुणाला द्यायची याचे नियम ठरलेले आहेत आणि आमचे कपाट तर सगळ्या मुलांचे आहे, मुसलमान असो वा नसो. सदका घेतो, किराणा दुकानदार देतील ते सामान घेतो. एका सद्‌गृहस्थांनी पोतेभर चणे देऊ केले. अट एवढीच की मुलांना रांगेत उभे करून फोटो काढू. चणे नकोत असे सांगताना जिवावर आले, पण सांगितले. रमजानमध्येही कपाट उघडेच असते. रोजा असणारी मुले खजुराचे पाकीट इफ्तारसाठी घरी नेतात.

कपाटाने सगळे सुटले असे नाही. दहावीतल्या एका मुलीची शाळा यंदा सुटलीच. तिचे कारण फुटाण्यांच्या पलीकडचे होते. गॅरेजवर गेलेला मुलगा दुसऱ्यांदा बोलावल्यावर परत आला. पहिले दोन आठवडे त्याने कपाटाकडे पाहिलेही नाही. पुढे पाकिटे भरण्याच्या पाळीत त्याने स्वतःहून नाव दिले. हिशेबात रोज एक पाकीट कमी भरते. आम्ही विचारत नाही.

वाचकहो, आपल्या घरात नववी-दहावीचे मूल असेल तर त्याला एवढेच विचारा: मधल्या सुट्टीत तुझ्या बाकावर डबा कोण उघडत नाही? त्याला ठाऊक असते. मग त्याच्या डब्यात दोन पोळ्या जास्त द्या आणि शाळेत जाऊन एका कपाटाची विचारणा करा. जूनच्या मध्यावर शाळा उघडते. एप्रिलपर्यंत खिचडीच्या रांगेत असलेली मुले त्या दिवशी नववीच्या वर्गात बसलेली असतील. कपाट त्याआधी भरलेले हवे.